माझ्या बातमीचं लॅमिनेशन

मंडळी, पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा. यात माझी एक जुनी चूक आहे आणि ती चूक आपल्या भागात अजून दुसऱ्याला पैसे कमावून देतेय.

गेल्या महिन्यात एका रविवारी मारुती मंदिराजवळच्या मंगल कार्यालयात 'मोफत आरोग्य जनजागृती शिबिर' होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, चला, बीपी तरी तपासून होईल. त्यांची सून सातव्या महिन्यात आहे, तीही बरोबर होती. वजन झालं, बीपी झालं, चहा झाला. मग टाय लावलेला एक तिशीतला पोरगा माईक घेऊन उभा राहिला. मोबाईल, टॉवर, वायफाय, कॅन्सर, गर्भातलं बाळ, नाहीशा झालेल्या चिमण्या, सगळं पाऊण तासात. शेवटी पिशवीतून नखाएवढी सोनेरी चिप निघाली. मोबाईलच्या पाठीला चिकटवा, ९९ टक्के रेडिएशन बंद. एक चिप ९९९ रुपये, घरातल्या पाच फोनांना घेतल्या तर ४,०००.

मागून कोणीतरी विचारलं, "पुरावा काय?"

पोरगा हसला. बॅगेतून लॅमिनेट केलेलं वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. "हे बघा. तुमच्याच गावच्या पत्रकारांनी बारा वर्षांपूर्वी छापलंय. आम्ही काही कालचे नाही." कात्रण हातोहात फिरत माझ्यापर्यंत आलं. मथळा होता, 'मोबाईलच्या किरणोत्सर्गापासून आता सुटका'. खाली फीत कापतानाचा फोटो. आणि त्याखाली नाव, माझं.

मी काही बोलायच्या आत काकूंनी पाच चिपा घेतल्या होत्या. नंतर रिक्षात म्हणाल्या, "तुम्हीच लिहिलंय म्हटल्यावर मी विचारच केला नाही."

ती बातमी कशी आली ते सांगतो. २०१३ चा जानेवारी. टॉवरची भीती जोरात होती. एका 'आरोग्य उत्पादन केंद्रा'च्या उद्घाटनाची प्रेसनोट आली. मी गेलो, पेढा खाल्ला, फोटो काढला आणि प्रेसनोट जवळपास जशीच्या तशी उतरवून पानाला पाठवली. ही चिप कोणी तपासली, कुठे तपासली, यातला एकही प्रश्न विचारला नाही. पत्रकारितेच्या पदविकेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते पाच 'क' मला पाठ होते. त्या दिवशी ते घरी राहिले.

त्या मथळ्यातला एक शब्दही चुकीचा आहे आणि ती चूक माझ्या एकट्याची नाही, आपल्या सगळ्या मराठी पत्रकारितेची आहे. किरणोत्सर्ग म्हणजे रेडियम, युरेनियम, थोरियम यांच्या अणूंतून आपोआप जे बाहेर पडतं ते. रेडिएशन या व्यापक शब्दाला विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत 'प्रारण' हा शब्द आहे. चुलीची धग, बल्बचा उजेड, आकाशवाणीच्या लहरी ही सगळी प्रारणंच. मोबाईलच्या लहरी आकाशवाणीच्या घराण्यातल्या आहेत. अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते, एक्स-रेमध्ये असते. मोबाईलच्या लहरी जास्त प्रमाणात शरीरात गेल्या तर ऊती थोड्या तापतात, एवढं पक्कं सिद्ध झालेलं आहे. पण 'प्रारण' शब्दाने मथळा होत नाही. 'किरणोत्सर्ग' म्हटलं की वाचकाला हिरोशिमा दिसतं. अर्धी चिप आम्ही मथळ्यातच विकून टाकली होती.

शिबिरानंतर पंधरा दिवस मी या ढालींचा इतिहास वाचत बसलो. तेव्हा जे वाचायला हवं होतं ते आत्ता. आणि गंमत म्हणजे या इतिहासाच्या सुरुवातीला मोबाईल नाहीच. सुरुवातीला आमचंच दुकान आहे, वर्तमानपत्राची कचेरी.

मी २००२ च्या सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणी एका दैनिकात लागलो. डीटीपीच्या खोलीत पेटाऱ्याएवढे मॉनिटर, त्यावर पेजमेकर आणि श्रीलिपी. प्रत्येक मॉनिटरपुढे एक काळपट काच लटकवलेली असायची. तिला सगळे 'रेडिएशनची काच' म्हणायचे. काचेच्या कोपऱ्यातून एक बारीक वायर निघायची, ती अर्थिंगला जोडायची असते. आमच्याकडे एकाही काचेची वायर कशालाही जोडलेली नव्हती, सगळ्या टेबलाखाली लोंबत होत्या. ऑपरेटर ताईंना दिवस गेले तेव्हा मालकांनी त्यांच्यापुढे दोन काचा लावल्या. एकीवर दुसरी. मालकांचा हेतू चांगला होता हो, पण ताईंना अक्षरं दिसेनात.

त्या काचेमागची गोष्ट अशी. १९७७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या दोन तरुण कॉपी एडिटरना मोतीबिंदू झाला आणि बोट नव्याने आलेल्या संगणकाच्या पडद्याकडे गेलं. १९८० मध्ये कॅनडातल्या टोरोंटो स्टारच्या छोट्या जाहिरातींच्या विभागात पडद्यावर काम करणाऱ्या सात गरोदर बायकांपैकी चौघींच्या बाळांमध्ये जन्मतः व्यंग निघालं. सातात चार. कोणत्याही कचेरीत हे घडलं तर भीती पसरणारच, आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत घडलं तर ती छापूनही येणार. युनियननी प्रश्न उचलला, पाहण्या सुरू झाल्या. आणि बाजारात काचा आल्या.

काच काय करायची? चकाकी कमी करायची, डोळ्याला आराम मिळायचा, हे खरं. अर्थिंग नीट असेल तर पडद्यावरची स्थिर वीज आणि विद्युत क्षेत्रही कमी व्हायचं. पण ज्या चुंबकीय क्षेत्राबद्दल शंका होती ते मॉनिटरच्या आतल्या कॉइल आणि ट्रान्सफॉर्मरमधून चहूबाजूंनी निघायचं, मागून आणि बाजूने जास्तच. पुढे काच लावून ते अडत नाही. आमच्या खोलीत मॉनिटर पाठीला पाठ लावून ठेवलेले होते. म्हणजे ताईंना समोरच्या मॉनिटरपेक्षा मागच्या टेबलावरचा मॉनिटर जास्त 'देत' असणार.

पुढे काय झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. एक तर १९९१ मध्ये अमेरिकेत टेलिफोन ऑपरेटर बायकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा पडद्यावर काम करणाऱ्या आणि न करणाऱ्या, दोन्ही गटांत गर्भपाताचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. आणि दुसरं, स्वीडनने काचेचा नाद सोडून मॉनिटरलाच धरलं. मॉनिटरमधून किती क्षेत्र बाहेर पडलं तर चालेल याचं मोजमाप ठरवलं. १९९० चं एमपीआर, मग तिथल्या कर्मचारी संघटनांचं टीसीओ ९२. जगभरच्या कंपन्यांना मॉनिटरची रचना बदलावी लागली. तुमच्यापैकी ज्यांनी सायबर कॅफेत तासाला वीस-तीस रुपये मोजलेत त्यांना मॉनिटरच्या कोपऱ्यातला 'लो रेडिएशन'चा स्टिकर आठवत असेल. तो त्या मोजमापाचा स्टिकर. तोपर्यंत काचा विकणारे विकून मोकळे झाले होते. पुढे एलसीडी आले आणि काचा भंगारात गेल्या.

आता मोबाईल. हातात धरून चालता-बोलता येणाऱ्या फोनवरून पहिला कॉल मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून ३ एप्रिल १९७३ रोजी केला. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. या दोन तारखांच्या मधे, जानेवारी १९९३ मध्ये, अमेरिकेत लॅरी किंगच्या टीव्ही कार्यक्रमात फ्लोरिडातला एक माणूस आला. त्याच्या बायकोला मेंदूत गाठ झाली होती, ती वारली होती. गाठ तिथेच आहे जिथे ती फोन धरायची, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवसापासून फोन कंपन्यांचे शेअर घसरले. त्याने कोर्टात दावा लावला होता, तो १९९५ मध्ये शास्त्रीय पुराव्याअभावी निकाली निघाला. पण टीव्हीवरचा तो माणूस लोकांच्या डोक्यातून निघाला नाही. त्याच्या दुःखाला मी खोटं म्हणत नाही. बायको गेलेला माणूस कारण शोधणारच.

त्या भीतीवर पहिलं पीक आलं ते फोनच्या कानाकडच्या भागावर चिकटवायच्या गोल जाळीदार चकत्यांचं. कुठे ९७ टक्के, कुठे ९९ टक्के रेडिएशन अडवण्याचा दावा. (बारा वर्षांपूर्वीच्या माझ्या बातमीतही ९९ च आहे, परवाच्या पोराचंही ९९ च. या धंद्यात १०० कोणी म्हणत नाही, १०० म्हटलं की माणूस संशय घेतो.) फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी यंत्रणेने, अशा दोन कंपन्यांवर खोट्या दाव्यांबद्दल कारवाई सुरू केली. वेव्हशील्ड, नोडेंजर अशी त्यांच्या मालाची नावं. कमिशनचं म्हणणं अगदी साधं होतं. कानाच्या छिद्रातून आवाज येतो, लहरी नाही. लहरी अँटेनातून आणि फोनच्या बाकी अंगातून निघतात. छिद्रावर चकती लावणं म्हणजे घराला आग लागल्यावर किल्लीच्या भोकात बोळा कोंबणं. (ही उपमा माझी, कमिशनची नव्हे.)

त्याच कमिशनने पुढे आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती बहुतेकांना माहीतच नाही. अशी ढाल फोनच्या सिग्नलच्या आड आली तर फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी जास्त ताकद लावतो. म्हणजे ढालीने लहरी कमी होण्याऐवजी वाढू शकतात.

हे असं का होतं? फोन हा रेडिओसारखा नुसता ऐकणारा नाही, तो बोलतोही. आणि किती जोरात बोलायचं हे त्याला टॉवर सांगत राहतो. जुन्या टूजी फोनची कमाल ताकद २ वॅट, पण तो आपल्याला मिळालेल्या आठव्या हिश्श्यातच बोलायचा म्हणून सरासरी पाव वॅट. थ्रीजीमध्ये 'जोर वाढव, जोर कमी कर' हा हुकूम सेकंदाला १,५०० वेळा येतो. टॉवर जवळ असेल, मधे काही नसेल तर फोन अगदी कुजबुजतो, वॅटच्या हजाराव्या हिश्श्यात. टॉवर लांब असेल किंवा मधे काही आलं तर ओरडतो. आपण नाही का एसटीत फोन आला की ओरडून बोलत.

मग शंभर टक्के अडवणारी ढाल लावली तर? तर फोन लागणारच नाही. ही खात्री मी घरी करून घेतली. काकूंच्या पाचही चिपा त्यांच्या परवानगीने माझ्या फोनच्या पाठीला ओळीने चिकटवल्या. फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद आकड्यात दिसते, डेसिबलच्या हिशेबात. लहरी ९९ टक्के अडल्या तर हा आकडा २० ने पडायला हवा, कारण जी भिंत फोनमधून बाहेर जाणारं अडवते ती बाहेरून आत येणारंही अडवते. चिपा लावण्यापूर्वी आकडा उणे ९५ च्या आसपास खालीवर होत होता. पाच चिपा लावल्यावरही तिथेच खालीवर होत होता. मग चिपा काढून बायकोने पोळ्यांसाठी आणलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचे चार वेढे दिले आणि तिच्या फोनवरून कॉल लावला. 'आपण संपर्क करू इच्छित असलेला ग्राहक कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.' ही खरी ढाल. मीटरला तीन-चार रुपये खर्च असेल. फोन मात्र फेकून दिल्यासारखाच.

प्रामाणिकपणे सांगायचं तर मधला एक प्रकारही आहे. काही पाकिटासारख्या कव्हरांच्या पुढच्या झाकणात धातूचं कापड असतं. फोन बरोबर दिशेने धरला तर डोक्याकडच्या बाजूला लहरी काही प्रमाणात कमी होऊ शकतात, तो दावा पूर्ण थाप नाही. पण तेच झाकण मागे दुमडून बोललात, जसे आपण सगळे बोलतो, तर ते अँटेनाच्या आड येतं आणि फोन ओरडायला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही मोबाईलवरच्या आपल्या माहितीपत्रकात लिहिलंय की लहरी कमी करण्यासाठी विकली जाणारी साधनं परिणामकारक असल्याचं दिसून आलेलं नाही.

"पण त्याने मीटर लावून दाखवलं ना!" हे मला किमान दहा जणांनी ऐकवलं. हो, दाखवलं. फोन लावला, मीटर लाल झालं, टूं टूं वाजलं. चिप चिकटवली, पुन्हा मीटर धरलं, हिरवं. यात हातचलाखी नसली तरी चालते. कॉल जुळवताना फोन जोरात बोलतो, जुळला की टॉवर त्याला खाली आणतो. म्हणजे पहिलं मोजमाप बहुतेक वेळा मोठं येतं आणि दुसरं लहान, मधे चिप लावा नाहीतर बिंदी लावा. मी उठून म्हणालो, आता उलट करा. नवा कॉल लावा, आधी चिपसकट मोजा, मग चिप काढून मोजा. पोराने केलं. चिपसकट लाल, चिपशिवाय हिरवं. सभागृहात थोडं हसू झालं. तो म्हणाला, मीटरची बॅटरी उतरलीय.

मग हाताचा खेळ. "ताई, हात सरळ धरा, मी खाली दाबतो, तुम्ही रोखा." एका हातात फोन असताना दुसरा हात पटकन खाली जातो, चिप लावली की तोच हात रोखून धरता येतो. आधी मनगटाजवळ दाबायचं, नंतर कोपराजवळ दाबायचं, एवढंच आहे ते. हातपंपाचा दांडा टोकाला धरून दाबा आणि मधे धरून दाबा, फरक हाताला कळेल. काकूंच्या सुनेलाही त्याने उभं केलं होतं. सातवा महिना, हात थरथरत होता आणि तो म्हणाला, "बघा, बाळावर किती ताण आहे." मी त्या वेळी गप्प बसलो. कात्रण माझ्या मांडीवर होतं.

माझ्या २०१३ च्या बातमीची हवा कशी तयार झाली तेही सांगायला हवं. ३१ मे २०११ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मोबाईलच्या लहरींना '२ ब' गटात टाकलं. म्हणजे 'कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता आहे, पुरावा तोकडा आहे'. याच गटात पुढे कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही गेला, पण टीव्हीवर तो दिसला नाही. मुंबई-पुण्यात इमारतींवरच्या टॉवरविरुद्ध सोसायट्या उठल्या. १ सप्टेंबर २०१२ पासून केंद्राच्या दूरसंचार खात्याने दोन नियम लागू केले. टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. आणि फोनसाठी एसएआर, म्हणजे शरीरात शोषली जाणारी ऊर्जा, किलोमागे १.६ वॅट ही कमाल मर्यादा ठरवली, तीही एक ग्रॅम ऊतीवर मोजून. ज्या आठवड्यात हे नियम लागू झाले त्या आठवड्यात आमच्या पानावर यातलं काहीच नव्हतं. गणपतीची तयारी होती. चार महिन्यांनी चिपची बातमी मात्र फोटोसकट.

आणि टॉवरविरुद्ध निवेदनं देणाऱ्या आपल्या मंडळींना एक जरा गैरसोयीची गोष्ट. स्वीडनमध्ये खऱ्या फोनांच्या कॉलची नोंद घेऊन २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तुरळक टॉवर असलेल्या ग्रामीण भागात फोन जवळपास निम्मा वेळ कमाल ताकदीवर बोलत होते, शहरात साधारण पाव वेळ. डोक्याला मिळतं ते मुख्यतः कानाजवळच्या फोनकडून, लांबच्या टॉवरकडून नाही. आपल्या वाडी-वस्त्यांवर एक काडी नेटवर्कमध्ये कानाला फोन लावून तासभर बोलणारा माणूस शहरातल्या टॉवरखालच्या माणसापेक्षा जास्त घेतो. टॉवर कुठे असावा, कोणाला भाडं मिळावं, परवानगी कशी दिली, हे भांडण योग्यच आहे आणि त्यावर मी लिहितच आलोय. पण टॉवर हटवा आणि चिपा चिकटवा, ही जोडी जमत नाही.

२०२० हे वर्ष तर या धंद्याचं सुगीचं. करोना, त्यात फाइव्ह-जी. इंग्लंडमध्ये ३३९ पौंडांची 'फाइव्ह-जी बायोशील्ड' नावाची यूएसबी काडी विकली जात होती. ग्लॅस्टनबरी गावाच्या कौन्सिलने नेमलेल्या समितीच्या अहवालात तिची भलामण झाली होती. सायबर सुरक्षेतल्या लोकांनी ती उघडली तर आत १२८ एमबीचा साधा पेनड्राइव्ह. आपल्याकडे आपण लग्नाचे फोटो द्यायला वापरायचो तसला, तोही जुनाट. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला आपल्या राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणापासून बनवलेली, मोबाईलचं रेडिएशन कमी करणारी चिप पत्रकार परिषदेत दाखवली. 'गौसत्त्व कवच' तिचं नाव, राजकोटच्या गोशाळेत तयार झालेली, ५० ते १०० रुपये किंमत. शेकडो शास्त्रज्ञांनी सही करून पत्र लिहिलं की हे प्रयोग कुठे झाले, कोणी केले, निष्कर्ष कुठे प्रसिद्ध झाले ते सांगा. यावर कॉमेंटमध्ये राजकारण करू नका प्लीज. मी शेणाने सारवलेल्या घरात वाढलो. शेणाचा गोबरगॅस होतो, खत होतं, सारवण होतं, गोवऱ्या होतात. एवढं सगळं करणाऱ्या वस्तूला न केलेल्या कामाचं श्रेय कशाला?

पण कळस झाला डिसेंबर २०२१ मध्ये, नेदरलँड्समध्ये. तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने मोबाईल आणि फाइव्ह-जीपासून वाचवणारी म्हणून विकली जाणारी दहा उत्पादनं तपासली. गळ्यातली पदकं, हातातली कडी, झोपताना डोळ्यावर बांधायची पट्टी. लहान मुलांचं एक कडंसुद्धा. त्या वस्तू स्वतःच किरणोत्सर्गी निघाल्या. इथे मी शब्द बरोबर वापरतोय, किरणोत्सर्गीच. प्रमाण कमी, पण रात्रंदिवस अंगावर राहिली तर त्वचेला इजा होऊ शकते म्हणून लोकांना सांगितलं, काढा, वापरू नका, बंद करून ठेवा. 'ऋण आयन' सोडणारी, 'स्केलर एनर्जी'ची, 'क्वांटम'ची म्हणून जी काळी-करडी दगडी पदकं विकली जातात त्यांतल्या काहींत थोरियम असलेली खनिजाची पूड असते, ती असते म्हणून मीटरवर 'ऊर्जा' दिसते. आपल्या गावात साखळी पद्धतीने अशी पदकं विकली गेलीत, दोन-तीन हजारांना. कोणाकडे नेमकं काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण घरात असेल तर रोज गळ्यात घालू नका, आणि गरोदर बाईच्या, लेकराच्या गळ्यात तर नकोच.

याच्या उलट एक गोष्ट फ्रान्सची. १२ सप्टेंबर २०२३ रोजी तिथल्या रेडिओ-लहरींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने आयफोन १२ ची विक्री थांबवायला लावली. संस्थेने बाजारातून उचललेला फोन हातात किंवा खिशात असतो तसा धरून मोजला. मर्यादा किलोमागे ४ वॅट, आकडा आला ५.७४. मर्यादेतच सुरक्षिततेसाठी मोठं अंतर ठेवलेलं असतं, त्यामुळे लोक आजारी पडले असा त्याचा अर्थ नव्हता. पण नियम तो नियम. ॲपलसारख्या कंपनीला फ्रान्ससाठी सॉफ्टवेअर अपडेट द्यावं लागलं. एक अपडेट आणि लाखो फोनांचा जोर कमी. स्वीडनने मॉनिटरचं केलं तेच फ्रान्सने फोनचं केलं. आपल्या देशात मर्यादा आहे, बाजारातून फोन उचलून तसं मोजण्याची बातमी मात्र मी एवढ्या वर्षांत दिलेली नाही. ती शोधणं आता माझ्या यादीत आहे.

"मग धोका आहे की नाही ते सांगा." सांगतो. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेला मोठा आढावा आला, १९९४ ते २०२२ मधल्या ६३ अभ्यासांचा. मोबाईल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. तरीही कमीच घ्यायचं असेल, त्याला माझी ना नाही, तर फुकटचे उपाय आहेत. स्पीकरवर किंवा इअरफोनवर बोला. अंतर थोडं वाढलं तरी लहरी झपाट्याने कमी होतात. एक काडी नेटवर्क असताना लांबलचक गप्पा मारू नका, गच्चीवर या आणि बोला. फोन उशाखाली नको. आणि आपल्या फोनचा एसएआर बघायचा असेल तर डायल करा, स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश. माझ्या फोनचा मर्यादेच्या बराच खाली निघाला. काकूंच्या सुनेचाही. आकडा वाचून ती म्हणाली, "हे त्या माणसाने का नाही सांगितलं?"

काकूंचे ४,००० अजून परत आलेले नाहीत. पावतीवर पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला, नंबर लागत नाही. (नंबर कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. चिप चांगली असावी.) राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. ज्यांनी त्या दिवशी चिपा घेतल्या त्यांनी पावती जपून ठेवा आणि तुम्हीही नोंदवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

राहिलं माझं. खुलासा छापावा म्हणून मी त्या दैनिकाकडे गेलो होतो. आमच्या तालुक्याचं पान लॉकडाऊनमध्येच बंद झालंय, त्यामुळे खुलासा छापायला जागाच नाही. तेव्हा इथे देतो, पानावर दिला असता त्याच भाषेत:

'खुलासा : जानेवारी २०१३ मध्ये माझ्या नावाने प्रसिद्ध झालेल्या "मोबाईलच्या किरणोत्सर्गापासून आता सुटका" या बातमीतील दावे तपासून घेतलेले नव्हते. मोबाईलला चिकटवायच्या चिपेमुळे लहरी ९९ टक्के कमी होतात, ही माहिती चुकीची आहे. या बातमीचा उत्पादनाच्या विक्रीसाठी होणारा वापर माझ्या संमतीने होत नाही.'

ते शिबिर आता पुढच्या गुरुवारी शेजारच्या गावात आहे, बाजाराच्या दिवशी, तसा बोर्ड लागलाय. मी जाणार आहे. या खुलाशाची प्रिंट काढून स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशनला टाकलीय. वीस रुपये घेतले त्याने.